भाड्याच्या गाडीचं मीटर कोणाच्या हातात?

इंग्लंडमध्ये गाडीला अपघात झाला की पुष्कळदा त्याच दिवशी एक फोन येतो. पलीकडचा माणूस फार गोड बोलतो. लागलंबिगलं नाही ना, गाडी कुठे उभी आहे, घरी लहान मुलं आहेत का, सगळं विचारतो. मग सांगतो, की उद्या सकाळी तुमच्या दारात तुमच्याच तोडीची गाडी येईल, खिशातून एक पैसा जाणार नाही, सगळं समोरच्याच्या विमा कंपनीकडून वसूल होईल. सही मोबाइलवरच करायची असते. पुण्याहून नुकताच रेडिंगला आलेला ओळखीतला एक मुलगा असाच फोन आल्यावर मला विचारत होता, "दादा, फुकट गाडी देतायत. करू ना सही?" मी त्याला विचारलं, समोरच्याने चूक कबूल केलीय का? "छे, तो म्हणतो चूक माझीच. मिनी राउंडअबाउटवर दोघंही एकदमच आत शिरलो. पण हे फोनवाले म्हणतात, तुमची बाजू भक्कम आहे."

फोनवाल्यांनी ना तो राउंडअबाउट पाहिला होता, ना समोरच्याच्या गाडीतला डॅशकॅम. पण दोन्ही गाड्यांचे मालक एकमेकांकडे बोट दाखवत असतात, नेमक्या तेव्हाच ही फुकटची गाडी सगळ्यात महाग पडू शकते. यावर माझं म्हणणं इतकंच आहे, की अपघातग्रस्ताला बदली गाडी मिळण्याचा हक्क योग्य आहे आणि तो टिकलाच पाहिजे. पण त्या गाडीचं मीटर चालू ठेवण्यात ज्यांचा फायदा आहे त्यांच्याच हाती ते राहिलं आहे, आणि ते काढून घ्यायची हिंमत ना सरकारने दाखवली, ना नियामकांनी, ना विमा कंपन्यांनी.

या प्रकाराला तिथे क्रेडिट हायर म्हणतात, म्हणजे उधारीवर भाड्याची गाडी. तुम्ही गाडी वापरता, भाडं तुमच्या नावावर चढत जातं, कंपनी ते लगेच मागत नाही. नंतर ती तुमच्याच नावाने समोरच्या चालकावर दावा लावते आणि त्याच्या विमा कंपनीकडून पैसे काढते. दाव्याच्या कागदावर वादी तुम्ही असता. भाडेकरारावर ऋणकोही तुम्हीच असता. हा दुसरा भाग फोनवर कोणी ठळकपणे सांगत नाही.

यामागचा कायदा मुळात शहाणपणाचा आहे. दुसऱ्याच्या चुकीने माझी गाडी अडकली तर तेवढे दिवस बदली गाडीचा वाजवी खर्च त्याने द्यायचा. पण ज्याच्याकडे बाजारातून रोख भाड्याने गाडी घ्यायला पैसे नाहीत, त्याचं काय? या प्रश्नाचं जुनं उत्तर एका बोटीच्या खटल्यातून आलं होतं. १९२८ साली ग्रीसमधल्या पात्रास बंदरात गाळ उपसणारी 'लीसबॉश' नावाची बोट 'एडिसन' जहाजाच्या चुकीमुळे बुडाली. मालकांकडे लगेच दुसरी बोट विकत घ्यायला पैसे नव्हते. बंदराचं काम तर मुदतीत पुरं करायचं होतं. म्हणून त्यांनी चढ्या दराने बोट भाड्याने आणली. १९३३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ठरवलं, की मालकांच्या गरिबीमुळे वाढलेला हा खर्च 'एडिसन'च्या माथी मारता येणार नाही. म्हणजे पैसे नसणं हा नुकसान झालेल्याचाच दोष.

हा नियम सत्तर वर्षं टिकला. २००३ साली लॅग्डन विरुद्ध ओकॉनर या खटल्यात तो मोडला. वादी बेरोजगार, तब्येतीने खचलेला, आणि त्याची गाडी दहा वर्षं जुनी फोर्ड ग्रॅनडा. रोख भाडं देऊन गाडी घेणं त्याला शक्यच नव्हतं, म्हणून त्याने उधारीची गाडी घेतली. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी लॉर्ड्सनी निकाल दिला, की अशा माणसाला उधारीच्या गाडीचा पूर्ण दर मिळाला पाहिजे, कारण त्याच्यापुढे दुसरी वाटच नव्हती. हा निकाल मला आजही बरोबर वाटतो. ज्याच्या बँकेत पैसे आहेत त्याला बदली गाडी मिळावी आणि ज्याच्याकडे नाहीत त्याने बसस्टॉपवर उभं राहावं, असा कायदा कोणालाही पटू नये.

मात्र इथूनच दोन दरांचा खेळ सुरू झाला. उधारीच्या दरात नुसतं गाडीचं भाडं नसतं. पैसे थांबवून ठेवण्याची किंमत, दावा चालवण्याची कटकट, हरण्याचा धोका, सगळं त्यात मिसळलेलं असतं. २००० साली डायमंड विरुद्ध लव्हेल खटल्यात लॉर्ड्सनी हे जास्तीचं वजा करायला सांगितलं होतं. त्यामुळे ऐपत असलेल्याला फक्त बाजारचा रोखीचा दर मिळतो. हा रोखीचा दर कसा काढायचा, ते अपील न्यायालयाने २०१५ मध्ये स्टीव्हन्स खटल्यात सांगितलं: नामांकित भाडे कंपन्यांनी सांगितलेल्या वाजवी दरांतला सगळ्यात कमी दर धरायचा. ऐपत नसलेल्याला मात्र लॅग्डनमुळे पूर्ण दर मिळतो. साहजिकच उधारीवर गाड्या देणाऱ्यांना आपला प्रत्येक ग्राहक कोर्टात गरीब ठरायला हवा असतो, आणि विमा कंपन्यांना तोच ग्राहक श्रीमंत ठरायला हवा असतो.

या ओढाताणीत माणसाची काय दशा होते ते काउंटी कोर्टात, म्हणजे तिथल्या स्थानिक दिवाणी न्यायालयात, जाऊन बघावं. ओळखीच्यांसोबत मी अशा एकदोन सुनावण्यांना मागे बसलो आहे. सिनेमात दिसतं तसं ते कोर्ट नसतं. एखाद्या ऑफिसची मीटिंग रूम वाटावी अशी खोली, लांब टेबल, एका टोकाला जज, दोन्ही बाजूंना वकील, आणि प्रत्येकासमोर कागदांचा तोच जाडजूड गठ्ठा. त्या गठ्ठ्यात वादीची अपघाताआधीच्या आणि भाड्याच्या काळातल्या महिन्यांची बँक स्टेटमेंट्स असतात. विमा कंपनीची तरुण वकील अत्यंत नम्रपणे विचारते, "पान १४२ बघता का? त्या आठवड्यात तुमच्या खात्यात दोन हजारांवर पौंड होते. मग तुमच्याकडे पैसे नव्हते असं कसं म्हणता?" माणूस सांगतो, पगार झाला होता, घरभाडं जायचं होतं. "आणि हे दर महिन्याला भारतात पाठवलेले तीनशे पौंड?" आईला, तो म्हणतो. "आणि ही विमानाची तिकिटं?" तो गप्प. तिकिटं वडिलांच्या वर्षश्राद्धाला जायची होती. हे त्या खोलीत कसं सांगावं, ते त्याला कळत नाही.

कायद्यातली कसोटी खरं तर माणुसकीची आहे. सहजासहजी अपेक्षा करता येणार नाही अशी ओढाताण करावी लागल्याशिवाय ज्याला गाडीचे पैसे देता आले नसते, तो ऐपत नसलेला. जज समजूतदार असेल तर आईला पाठवलेले पैसे त्याला समजतात. पण स्टेटमेंट वेळेवर दिली नाहीत, एखादं खातं सांगायचं राहिलं, तर 'माझ्याकडे पैसे नव्हते' असं म्हणायची परवानगीच कोर्ट काढून घेऊ शकतं. तेवढ्या एका चुकीने पूर्ण दराऐवजी रोखीचा दर लागतो.

चुकीचाच वाद असेल तर हे सगळं आणखी चिघळतं. समोरच्याने चूक नाकारली की त्याची विमा कंपनी दुरुस्तीचे पैसे देत नाही. तुमच्याकडे पैसे नाहीत म्हणून गाडी गॅरेजमध्ये तशीच पडून राहते. गाडी पडून आहे म्हणून भाड्याची गाडी परत देता येत नाही. पत्रं जातात, इंजिनिअरची पाहणी लांबते, सुटा भाग येत नाही, नाताळच्या सुट्ट्या लागतात. अपघात तीन सेकंदांचा आणि भाडं चार महिन्यांचं.

एक आकडेमोड करून बघू. आकडे काल्पनिक आहेत, पण जगावेगळे नाहीत. उधारीचा दर दिवसाला ८० पौंड, १२० दिवस. बिल ९,६०० पौंड. कोर्टाने ठरवलं की ऐपत नसल्याचं सिद्ध झालं नाही, रोखीचा दर ३५ पौंड धरा: ४,२०० उरले. मग म्हणालं, राउंडअबाउटवर दोघांचीही निम्मी निम्मी चूक: २,१००. सही ९,६०० च्या कागदावर झालेली आहे. मधले साडेसात हजार कोणाचे?

बहुतेक वेळा ते भाडेकंपनी सोडून देते, किंवा त्यासाठी तिने काढून दिलेला विमा भरतो. कोणाच्या घरावर जप्ती येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ती सूट अटींवर असते. तुम्ही दाव्यात पूर्ण सहकार्य केलं पाहिजे, सुनावणीला हजर राहिलं पाहिजे, सांगितलेलं सगळं खरं ठरलं पाहिजे. जजला तुमची साक्ष पटली नाही तर? दाव्याच्या तारखेला तुम्ही नगरला आईच्या उशाशी असलात तर? ज्या माणसाला वाटत होतं की आपण फक्त एक गाडी चालवली, त्याने खरं तर एक मोठं कर्ज घेतलेलं असतं आणि त्याची माफी दुसऱ्याच्या समाधानावर अवलंबून असते.

मग विमा कंपन्या स्वतःच गाडी का देत नाहीत? देतात, पण चूक उघड असेल तेव्हा. त्यातही २००९ साली कॉप्ली विरुद्ध लॉन खटल्यात अपील न्यायालयाला त्यांना सांगावं लागलं, की नुसतं 'आम्ही गाडी देतो' असं पत्र धाडून भागत नाही. ती गाडी आम्हाला कितीला पडणार, हेही ग्राहकाला सांगा, म्हणजे त्याला तुलना करता येईल. वादाच्या अपघातात मात्र त्या हात वर करतात, कारण गाडी दिली तर चूक मान्य केल्यासारखं होईल अशी त्यांना धास्ती. ही धास्ती मला निमित्त वाटते. हक्क राखून, चूक मान्य न करता पैसे देणं ही विम्याच्या धंद्यात रोजची गोष्ट आहे. 'आम्ही चूक नाकारतो, पण निकाल लागेपर्यंत दिवसाला ३० पौंडांची ही गाडी वापरा, हिशोब शेवटी' असं पत्र लिहायला कायद्याची आडकाठी नाही. असं पत्र हातात पडूनही कोणी ८० पौंडांची गाडी घेत राहिला, तर पुढचा भार त्याच्यावर टाकायला जजलाही सोपं जाईल.

ते पत्र निघत नाही, कारण या धंद्यात विमा कंपन्या दोन्ही टोकांना उभ्या आहेत. तुम्ही अपघात कळवायला स्वतःच्या विमा कंपनीला फोन करता, आणि चूक तुमची नाही असं दिसलं की पुष्कळदा तीच तुमचा फोन उधारीच्या गाडीवाल्याकडे वळवते. त्या फोनचं तिला कमिशन मिळतं. दुसऱ्या दिवशी तिचाच दुसरा ग्राहक कोणाला तरी धडकतो आणि तीच कंपनी दुसऱ्याच्या उधारीच्या गाडीचं बिल पाहून बोंब मारते. जखमांच्या दाव्यांसाठी असं कमिशन घेणं एप्रिल २०१३ पासून कायद्याने बंद आहे. भाड्याच्या गाडीसाठी मात्र ते बंद केलं नाही.

हे कोणाला माहीत नव्हतं असंही नाही. २०१२ साली तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या तेव्हाच्या सरकारी संस्थेने, अंदाज काढला, की अशा सगळ्या प्रकारांमुळे, म्हणजे गाड्या आणि दुरुस्ती मिळून, विमा कंपन्यांवर वर्षाला सुमारे २२.५ कोटी पौंडांचा जादा खर्च पडतो. तो शेवटी सगळ्यांच्या हप्त्यात येतो. मग प्रकरण स्पर्धा आयोगाकडे गेलं. आयोगाचं निदान नेमकं होतं: खर्च ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा. दरावर कमाल मर्यादा घालण्याचा विचारही झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये अंतिम अहवाल आला तेव्हा त्यातून ती मर्यादा गायब होती. रोगाचं नाव लिहून दिलं, औषध दिलं नाही.

मधल्या काळात उद्योगाने आपापसात एक करार चालवला आहे. १९९९ पासून विमा कंपन्या आणि भाडेकंपन्या मिळून ठरलेले दर आणि ठरलेल्या मुदती पाळतात, निदान ज्यांनी सही केली ते तरी. चूक कबूल असलेल्या अपघातात हे बरं चालतं. पण सही ऐच्छिक आहे. आणि वादाचा अपघात त्या सरळ मार्गाने सुटत नाही, तो कोर्टातच जातो. ज्याला संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज, नेमका तोच कराराच्या कुंपणाबाहेर राहतो.

टॅक्सीवाल्यांची तर वेगळीच तऱ्हा. ब्रिटनमध्ये भाड्याच्या टॅक्सी चालवणाऱ्यांत दक्षिण आशियातली मंडळी मोठ्या संख्येने आहेत. टॅक्सी हेच पोट, त्यामुळे बंद पडलेल्या दिवसांसाठी लायसन्सवाली बदली टॅक्सी उधारीवर घ्यायची आणि तिचं भाडं मात्र रोजच्या कमाईपेक्षा जास्त, असं सर्रास होत होतं. २०१९ साली हुसेन विरुद्ध ईयूआय (एक विमा कंपनी) खटल्यात उच्च न्यायालयाने सांगितलं, की साधारणपणे बुडालेला नफा हीच मर्यादा. नफा पन्नास पौंडांचा बुडत असेल तर तो वाचवायला शंभरची गाडी घेणं वाजवी नाही. काही अपवादही ठेवले: ठरलेली गिऱ्हाइकं हातची जाणार असतील, किंवा घरच्या वापराला दुसरी गाडीच नसेल. हा निकाल तर्काला धरून आहे. पण तो त्या चालकाला कळतो दोन वर्षांनी, कोर्टात. अपघाताच्या संध्याकाळी त्याला फोन करणाऱ्याने हुसेन खटला सांगितलेला नसतो.

यावर विमा कंपन्यांच्या बाजूची मंडळी म्हणतात, की मग क्रेडिट हायर बंदच करा. मला हे पटत नाही. बंद केल्यावर काय होतं ते बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. भारतात चूक पूर्णपणे समोरच्याची असली तरी बदली गाडीचा खर्च मागायचा असतो, हेच बहुतेकांच्या गावी नसतं. आपल्या पॉलिसीत गाडीची दुरुस्ती येते, पण ती बंद असल्याने होणारं पुढचं नुकसान येत नाही. दिवसभत्त्याचं ॲड-ऑन वेगळं विकत घेतलं असेल तरच थोडेफार रुपये मिळतात. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यात खासगी गाडीसाठी साडेसात लाखांपर्यंत मालमत्तेच्या नुकसानीची तरतूद असते, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणही आहे, आणि आता तिथे सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. पण बंपर आणि दरवाजा गेला म्हणून तिथे कोण जातो? पुण्यात कर्वे रस्त्यावर दोन गाड्या घासल्या की आधी बाचाबाची, मग गर्दीतला एखादा काका मध्ये पडतो, 'जाऊ द्या हो, आपापल्या इन्शुरन्सवर करा' म्हणतो. दोघंही आपापल्या कंपनीकडून क्लेम घेतात, दोघांचाही नो क्लेम बोनस जातो. चूक नसलेल्याचा ५० टक्क्यांपर्यंत साठलेला बोनस बुडतो, वर दहा दिवस रिक्षा-ओलाचा खर्च त्याचाच.

टेम्पोवाल्याचं तर याहून वाईट. कोणाला लागलं आणि गुन्हा दाखल झाला की टेम्पो पोलिस ठाण्याच्या आवारात. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई खटल्यात, २००२ सालीच, जप्त वाहनं ठाण्यात गंजत ठेवू नका असं बजावलं आहे. तरी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टात हमी लिहून देऊन, गाडी सोडवून आणेपर्यंत हप्ता थांबत नाही आणि भाजीची पहाटेची फेरी दुसऱ्याला जाते. चूक त्याची होती का, हे ठरायला काही वर्षं आहेत. तोवर त्याला बदली टेम्पो द्यावा, निदान बुडालेल्या फेऱ्यांचे पैसे द्यावेत, असं कोणाच्या मनातही येत नाही. मीटर नाहीच म्हणून मीटरची फसवणूकही नाही, एवढंच.

म्हणून हक्क काढून घेण्याऐवजी मी कमिशनवर बोट ठेवतो. जखमेच्या दाव्याला जी बंदी आहे तीच भाड्याच्या गाडीला लावा. अपघाताच्याच दिवशी फोन करणाऱ्यांची निम्मी गोडी ओसरेल. रोजच्या दराचा तक्ता ऐच्छिक करारातून उचलून कायद्यात घाला, आणि वादाच्या अपघातात विमा कंपनीने अमुक दिवसांत हक्क राखून गाडी देऊ केली नाही तर त्या तक्त्याच्या दराने संपूर्ण काळाचं भाडं तिला लागू होईल असं ठरवा. मग ऐपतीची ती स्टेटमेंटची चिरफाडही उरणार नाही, कारण गरीब आणि श्रीमंत दोघांना एकच दर. भाडेकंपन्या म्हणतील, एवढ्यात परवडत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी हा धंदा सोडावा, रोखीने गाड्या देणाऱ्या कंपन्या त्याच रस्त्यावर त्याच गाड्या रोज देतच आहेत. थोडं उधारीचं व्याज आणि थोडी दाव्याची फी तक्त्यात धरायलाही माझी हरकत नाही.

रेडिंगच्या त्या मुलाने सही केली नाही. त्याची पॉलिसी सर्वसमावेशक होती. एक्सेस, म्हणजे दुरुस्तीतला स्वतः भरायचा ठरलेला हिस्सा, भरून त्याने गाडी कंपनीच्या गॅरेजला टाकली आणि तिथली छोटी कर्टसी कार, म्हणजे दुरुस्तीपुरती मिळणारी गाडी, घेतली. तिच्यात मागे मुलाची सीट धड बसेना म्हणून कुरकुरत होता. चुकीचा निकाल लागला तर भरलेला एक्सेस समोरच्याकडून मागेल. पण त्याच्याकडे एक्सेस भरायला पाचशे पौंड होते. ज्याची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची आहे, आणि ज्याची पहाटे पाचची शिफ्ट बस सुरू व्हायच्या आधी असते, त्याला मी सही करू नकोस असं कोणत्या तोंडाने सांगू? त्याला मी इतकंच सांगतो: गाडी घे, पण गाडी वापरायची गरज का आहे ते त्याच दिवशी लिहून ठेव. आजूबाजूच्या दोन कंपन्यांचे रोखीचे दर विचारून त्यांचे ईमेल जपून ठेव. खात्याची स्टेटमेंट्स आतापासून एका फोल्डरमध्ये टाक. समोरच्या विमा कंपनीला लेखी विचार, की तुम्ही गाडी देता का, आणि कितीला. आणि गाडी दुरुस्त झाल्याचा निरोप आला की त्याच दिवशी भाड्याची परत कर, शनिवार-रविवार बघू नकोस.

हे सगळं कराराच्या पहिल्याच पानावर छापायला काय हरकत आहे? सहीच्या वरच, मोठ्या अक्षरांत: 'हे भाडे तुमचे कर्ज आहे. रोजचा दर इतका. रोखीने अशीच गाडी साधारण इतक्याला मिळते. चूक तुमची ठरली तर पैसे कोण देणार, ते असे.' सरकारने आणि नियामकांनी मनावर घेतलं तर हे अवघड नाही. ते वाचून ग्राहक पळतील, ही भीती भाडेकंपन्यांना असेल. पळणाऱ्यांतले निम्मे तरी स्वतःच्या पॉलिसीवर कर्टसी कार घेऊ शकतात, आणि त्यांच्यासाठी ही गाडी कधी नव्हतीच.